साथीच्या तयारीत पक्षितज्ज्ञाचे काय काम?

प्रश्न : पुढील महासाथीच्या तयारीसाठी निरनिराळ्या ज्ञानशाखांनी एकत्र संशोधन करावे, असे वारंवार वाचनात येते. विषाणूचा शोध आणि लस, दोन्ही प्रयोगशाळेचेच काम असताना पक्षितज्ज्ञ किंवा मानववंशशास्त्रज्ञ यांची गरज कुठे पडते?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : विषाणू कोणता, हे प्रयोगशाळा सांगते, तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे बहुधा तिच्या बाहेरच उलगडते. गोचिडींच्या चाव्यातून होणाऱ्या आणि आपल्या कोकणातही पोहोचलेल्या माकडतापाचेच पाहा. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत तापाचे रुग्ण आढळले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोधलेला विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तर आला नसेल, अशी शंका आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग काढण्याचे मोठे काम सुरू झाले. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. स्थलांतराची भरपूर माहिती मात्र पदरात पडली.

खरी गुंतागुंत जमिनीवर होती. रानात चरणारी गुरे प्रौढ गोचिडींना पोसतात, तर माणसाला प्रामुख्याने चावतात त्या त्यांच्या अप्रौढ अवस्था, आणि त्यांचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात हा ताप आला, तेथे नेमका तोच काजूचा हंगाम. त्यामुळे बागेत कोण, केव्हा आणि कशासाठी जाते, हे ठाऊक असणारा माणूसही या संशोधनाला पशुवैद्य आणि कीटकशास्त्रज्ञ यांच्याइतकाच हवा.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून त्याची महासाथ होणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. माणसाकडून माणसालाही होणाऱ्या निपाह विषाणूला मात्र तो लागू नाही. बांगलादेशात हा विषाणू वटवाघळांकडून शिंदीच्या कच्च्या रसातून माणसांत येतो, हे रुग्णांच्या घरच्यांशी बोलून उमगले, आणि रात्री लावलेल्या कॅमेऱ्यांत रस चाटणारी वटवाघळे दिसली. रस पिऊ नका, एवढे सांगून भागणारे नव्हते, कारण हिवाळ्यात तो पिण्याची तेथे जुनी रीत आहे. मानववंशशास्त्रज्ञ रस काढणाऱ्यांमध्ये जाऊन बसले, तेव्हा झाडाच्या खाचेवर आणि मडक्यावर बांबूच्या कामट्यांचे झाकण बांधण्याची युक्ती त्यांच्यातल्या काहींना आधीपासूनच अवगत असल्याचे कळले. प्रयोगशाळेला ती सुचली नसती.