पंचवटीवर लिहायला घेतलंयस तर आधी नदीकाठ फीर

पंचवटी आज नाशिक महापालिकेचा एक विभाग आहे, पण महापालिका झाली १९८२ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून गोदेच्या डाव्या काठाचं हे गाव आपल्या चालीनं चालत आलंय. त्यामुळे विभागाच्या नकाशापासून सुरुवात करू नकोस, रामकुंडापासून कर.

दुतोंड्या मारुतीपाशी थोडा वेळ थांब. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागलं, यावरून नाशिककर आजही पूर मोजतो. मग नारोशंकराच्या देवळाची घंटा मान वर करून नीट बघ. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती आठवण. इथली बरीचशी मोठी देवळं पेशवाईतली, हे ध्यानात ठेवलंस की पुढचं आपोआप उलगडतं. कपालेश्वरासमोर नंदी नाही. का, ते तिथल्या गुरुजींनाच विचार, ते रंगवून सांगतील.

काळारामाबद्दल मात्र घाईनं लिहू नकोस. सरदार ओढेकरांनी बांधलेलं काळ्या पाषाणाचं देखणं काम आहेच. पण २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली याच दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. शिल्पाचं कौतुक करून हे एका ओळीत उरकणारे लेख मला वाचवत नाहीत. तुझ्या लेखात त्याला पुरेशी जागा दे.

तारखा दोन ठिकाणी ताडून घे. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे. तिथले जुने संदर्भ आधी चाळ.