१९७३ चा एअरस्ट्रीम आतून नवा केलेला मिळतोय, घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत १९७३ चा ३१ फुटी एअरस्ट्रीम सॉव्हरिन (गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा ॲल्युमिनियमचा ट्रेलर) विकायला आहे, आतून पांढरा रंग आणि नवीन व्हिनाइलच्या पट्ट्या लावल्यात, मालक म्हणतो "ॲल्युमिनियम आहे, कुजायचा प्रश्नच नाही". घ्यावा का आणि किंमत किती पाडून मागावी?

मालकाचं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. ॲल्युमिनियम कुजत नाही हे खरंच आहे. पण या ट्रेलरचं सगळं अंग प्लायवूडवर बसलेलं असतं, आणि ते कुजतं.

रचना अशी असते. खाली पोलादी चॅसी, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, तिच्यावर ५/८ इंचाचं प्लायवूड, आणि प्लायवूडच्या कडेवर चौफेर फिरलेली ॲल्युमिनियमची पन्हळीसारखी पट्टी. शेलच्या, म्हणजे बाहेरच्या गोल कवचाच्या, फासळ्या या पट्टीत रिव्हेटने बसवलेल्या, आणि पट्टी प्लायवूडमधून आरपार बोल्टने चॅसीला आवळलेली. म्हणजे प्लायवूड नुसतं पाय ठेवण्यापुरतं नाही. शेल आणि चॅसी यांचा सांधाच ते आहे. कडेचं प्लायवूड भुसभुशीत झालं की बोल्ट जागेवर दिसतो, पण त्याच्या पकडीत काही उरलेलं नसतं.

१९७० च्या दशकातल्या लांब, मागे बाथरूम असलेल्या मॉडेलांमध्ये हे हटकून मागच्या टोकाला होतं. मागच्या बंपरपाशी सांडपाण्याचा पाइप ठेवायचा डबा असतो. पाठीवरून ओघळणारं पाणी तिथल्या आडव्या पट्टीवर थांबतं आणि शेलखाली शिरून थेट प्लायवूडच्या उघड्या कडेला लागतं. त्यात बाथरूम आणि टाकीचं वजन चाकांच्या मागे लोंबकळलेलं. प्लायवूड गेलं की चॅसी खाली झुकते, शेल जागेवर राहतो आणि दोन्ही एकमेकांपासून सुटतात.

हे पाच मिनिटांत कळतं, पण दोन माणसं लागतात. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, चाकांना ठोकळे लावा, मागचे आधाराचे जॅक वर घ्या. एकाने बंपरवर उभं राहून हळूहळू वजन टाकत खालीवर व्हायचं. दुसऱ्याने बसून शेलची खालची कड आणि बंपर यांच्यातल्या फटीवर टॉर्च मारायचा. दोन्ही एकत्र हलले तर ठीक. बंपर खाली गेला आणि शेल जागचा हलला नाही, किंवा फट उघडमीट झाली, तर मागचा सांधा सुटलाय. मालक म्हणेल, "थोडं हलतंच." निरोगी ट्रेलरमध्ये फट उघडत नाही.

मग आत जा आणि टोचा घ्या. बाथरूमचे कोपरे, दाराच्या उंबऱ्याची आतली बाजू, पुढच्या मोठ्या खिडकीखालची जागा, पाण्याचा पंप असलेला कप्पा आणि चाकांवरच्या उंचवट्यांच्या कडा, या ठिकाणी भिंतीलगत टोचून पाहा. मधोमध टोचून उपयोग नाही, तिथलं प्लायवूड बहुतेक वेळा शाबूत असतं. टोक दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडलं तर चांगलं. सहज आत गेलं आणि बाहेर येताना काळसर ओला भुगा घेऊन आलं, तर तेवढा भाग बदलायचाच.

तुमच्या ट्रेलरमध्ये टोचा लावायला जागाच ठेवलेली नाही, आणि म्हणूनच आतून नवा केलेला ट्रेलर मला कच्च्या ट्रेलरपेक्षा जास्त खटकतो. अशाच एका ३१ फुटीमध्ये कमोडच्या मागची व्हिनाइलची पट्टी उचलली, तर खाली पाव इंचाचं कोरं प्लायवूड निघालं. त्याचा कोपरा उचकटल्यावर जुनं प्लायवूड दिसलं, पदर सुटून वहीच्या पानांसारखं. टोचा मुठीपर्यंत आत गेला आणि खालच्या बुडाच्या पत्र्याला लागून टक् आवाज आला. बोल्टांच्या डोक्यांभोवती गंजाची लाल वर्तुळं होती आणि त्यातला एक तर नुसता बोटांनी वर निघाला. वर मात्र पांढरा रंग, काळे नळ, लाकडी फळ्या, सगळं फोटोत झळकणारं. हे दुरुस्त करायचं म्हणजे आतलं सगळं फर्निचर काढा, आतला पत्रा खालून सोडवा, मग प्लायवूड बदला. ज्या सजावटीचे पैसे मोजले, तीच आधी तोडावी लागते.

तेव्हा मालकाला स्पष्ट विचारा: मागच्या कोपऱ्यातली एक पट्टी उचलून दाखवाल का? आणि काम चालू असतानाचे फोटो आहेत का, ज्यात उघडं प्लायवूड आणि चॅसी दिसते? खरोखर काम केलेल्या माणसाकडे असे फोटो ढिगाने असतात. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा, किंमत कितीही पाडली तरी.

त्यानंतर अक्ष, म्हणजे चाकांचे ॲक्सल, पाहा. यात पानाच्या स्प्रिंगा नसतात. पोलादी नळीत रबराचे दांडे दाबून बसवलेले असतात आणि त्यांना पीळ बसून धक्का शोषला जातो. पन्नास वर्षांत हे रबर दगड होतं. नळीपासून चाकाकडे जाणारा हात पाहा. रिकामा ट्रेलर चाकांवर उभा असताना चाकाचं केंद्र नळीपेक्षा खाली हवं. हात आडवा किंवा वर गेला असेल तर अक्ष संपलाय. चॅसीला जॅक लावून ट्रेलर उचला (नळीला जॅक लावू नका). चाक खाली न लोंबता जसंच्या तसं वर आलं तर तोच निकाल. दगड झालेल्या रबरामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका शेलला बसतो, रिव्हेट तुटतात, मागचा सांधा लवकर सुटतो. दोन्ही अक्ष बदलायचे म्हणजे काही हजार डॉलर. घासाघीस करायची ती या मुद्द्यावर करा, रंग उडाल्यावर नको.

गळती पाहायला बागेचा पाइप पुरे. कमी दाबाने, खालून सुरुवात करून एकेका सांध्यावर दहा मिनिटं, मग वरचा सांधा. वरून सुरू केलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. छतावर सिलिकॉन थापलेलं दिसलं तर समजा, ज्याने लावलं त्याला ट्रेलरचं काम येत नव्हतं. सिलिकॉनवर दुसरं काहीच धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. इथे पॉलीयुरेथेन सीलंट लागतो.

विजेचं: मूळचा युनिव्होल्ट कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा) बॅटरी जास्त चार्ज करून उकळवतो, तो बदलाच. या काळातल्या काही ट्रेलरमध्ये वायरिंगही ॲल्युमिनियमचं आहे. एक सॉकेट उघडून तारेचा रंग बघा. गॅसच्या फ्रिजमागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर तो फ्रिज गेला. मूळचा गॅस हीटर पेटवून दाखवायला सांगू नका.

टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांपुढच्या टायरवर घरी आणू नका, खाच कितीही खोल असो. दाराजवळच्या पट्टीवरचा नंबर आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर जुळल्याशिवाय, आणि टायटलवर विकणाऱ्याचंच नाव असल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

नेमकी किंमत मी सांगणार नाही, राज्याराज्यात फार फरक पडतो. तळ शाबूत असेल तर मागितल्या किमतीच्या आसपास द्यायला हरकत नाही. तळ कुजलेला असेल तर तो रिकामा शेल समजून मागा.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं एअरस्ट्रीमसाठी आहे. शास्ता या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या ट्रेलरांसारख्यांना पत्र्याआड लाकडी सांगाडा असतो, तिथे खिडक्यांच्या खाली आणि छताच्या कोपऱ्यांत कूज शोधावी लागते. आणि तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ३१ फुटी सॉव्हरिन सामान-पाण्यासह ५,००० पौंडांच्या वर सहज जातो आणि त्याचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, येतो. गाडीची ओढण्याची क्षमता ५,००० पौंडांची असेल तर हा ट्रेलर बघायलाही जाऊ नका, २२-२३ फुटी शोधा.