घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचे किती पैसे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की नेरूळला राहता, कंपनीतली डेस्कटॉप सपोर्टची नोकरी सुटली आणि आता सोसायटीतले लोक लॅपटॉप दाखवायला बोलावतात, पण पैसे मागायला जीभ रेटत नाही. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि अकरा वर्षं हेच काम करतो. दर चुकला म्हणून माझं जितकं नुकसान झालं, त्याहून कितीतरी जास्त दर आधी सांगितला नाही म्हणून झालं.

सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. कासारवडवलीला एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो होतो. फोनवर फक्त “लॅपटॉप फार स्लो झालाय” एवढंच सांगितलं होतं. बघतो तर हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, आणि नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो तिच्यावरच. दुसरी प्रत कुठेच नाही. कॉपी लावली. चाळीस-पन्नास फोटो सरकायचे आणि हिरवी पट्टी तिथेच थांबायची. दुपारी तीनला बसलेला मी रात्री साडेनऊला उठलो. एकही फोटो हरवला नाही. काकूंनी दोनदा चहा दिला, पोहे दिले. निघताना काकांनी आपुलकीने दोनशेची नोट हातात ठेवली, म्हणाले, “घरचाच मुलगा आहेस तू.” घोडबंदर रोडला बसमध्ये उभ्याने येताना मला त्यांचा राग येत होता. पण त्यांना कामाची किंमत कळणार तरी कुठून? मी ती सांगितलीच नव्हती.

आता हिशोब. समजा घर चालवायला, फोन-इंटरनेट आणि प्रवास धरून, महिन्याला 35,000 रुपये लागतात. महिन्यात 22 दिवस काम धरा. पण दिवसाचे आठ तास धरू नका, तिथेच सगळे फसतात. जाणं-येणं, फोनवरची चौकशी, सुटा भाग आणायला लॅमिंग्टन रोडला मारलेली फेरी, ह्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात ते दिवसाला जेमतेम साडेतीन तासांचे. म्हणजे महिन्याचे 77 तास, तासाला साधारण 455 रुपये. आजारपण आणि कामाशिवाय जाणारे आठवडे त्यात धरलेलेच नाहीत. त्यामुळे 500 च्या खाली उतरलात तर घरखर्चाची तोंडमिळवणी होणार नाही. तुमचा खर्च वेगळा असेल, तर हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी करा.

हा तासाचा दर मात्र तुमच्या वहीतच राहू द्या. घरगुती ग्राहकाला तासावर दर सांगितला की तो घड्याळाकडे बघत बसतो, आणि तुम्ही हुशारीने काम वीस मिनिटांत संपवलं तर तुमचाच तोटा. मी व्हिजिटचे 500 घेतो, त्यात पहिला अर्धा तास आणि निदान आलं. पुढे कामावर ठरलेला आकडा. बॅकअप घेऊन विंडोज टाकायचे 1,000. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, सगळं जसंच्या तसं हलवायचे 1,200, एसएसडीची किंमत वेगळी. हे आकडे फोनवरच सांगतो. “बघून सांगतो” म्हणायची वेळ आलीच तर किमान व्हिजिटचा आकडा तरी सांगूनच घरातून निघा.

निदानाचे पैसे सोडू नका. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून “विंडोज अकरा टाकून द्या” म्हणणारे फोन सारखे येतात. मशीन आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरचं असेल, तर विंडोज 11 त्यावर सहसा अधिकृतपणे चालत नाही. तिथे जाऊन “ह्यावर पैसे घालू नका” असं खरं सांगणं हेही काम आहे, कारण त्याने समोरच्याचे पैसे वाचतात.

डेटाच्या बाबतीत फार जपा. लॅपटॉपला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची, 48 आकडी रिकव्हरी की जवळ आहे का, हे विचारा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर प्रयोग करू नका. मशीन बंद करा, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायला सांगा आणि फक्त व्हिजिटचे पैसे घ्या. आणि पायरेटेड विंडोज कितीही आग्रह झाला तरी टाकू नका.

सुट्या भागांत लपवून नफा घेणं मला पटत नाही. बिल ग्राहकाच्या नावावर करून त्याच्या हातात देतो, म्हणजे वॉरंटीही त्याच्याकडेच राहते. आणण्याचे 200 वेगळे लावतो, तसं सांगून.

एखाद्या आजींना किंवा शिकणाऱ्या मुलाला कमी पैशांत करून द्यावंसं वाटेलच. जरूर करा, पण पावतीवर पूर्ण रक्कम लिहा आणि सवलत खाली वेगळी दाखवा. नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच तुमचा दर होऊन बसतो.

छोट्या ऑफिसांचं गणित निराळं असतं. वाशी, बेलापूरला सीएंची, वकिलांची ऑफिसं आहेत, त्यांच्याशी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार करा, दर मशीनमागे दर महिन्याला ठरलेली रक्कम. फक्त मजुरी धरा, सुटे भाग वेगळे, आणि महिन्यात किती फेऱ्या ते कागदावर लिहून घ्या. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही.

पहिले दोन महिने प्रत्येक कामापुढे घरातून किती वाजता निघालात आणि किती वाजता परतलात ते लिहून ठेवा. दर वाढवावा लागला तर नव्या ग्राहकापासून वाढवा, जुन्यांना महिनाभर आधी फोन करून सांगा.