सायकल कायद्याने 'वाहन' आहे का?

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या गेटवर 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी आहे, तिथे लावलेल्या सायकलची कुणीतरी हवा सोडली, तर सायकलला वाहन धरायचं का आणि कायदा काय म्हणतो.

कायदा एकच असता तर सोपं होतं हो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(28) मध्ये 'मोटार वाहन' किंवा 'वाहन' अशी दोघांची मिळून एकच व्याख्या आहे, म्हणजे त्या कायद्यात नुसतं वाहन लिहिलं तरी यंत्रावर चालणारं, रस्त्यावर वापरण्याजोगं असंच समजायचं. सायकल, हातगाडी, बैलगाडी सगळे बाहेर. पण बॉडी न चढवलेली चॅसी आत! हायवेला दिसते ना, नुसता सांगाडा आणि ड्रायव्हर गॉगल लावून, तोंडाला मफलर गुंडाळून उघड्यावर बसलेला, ते कायद्याने पुरतं वाहन. ट्रेलरला इंजिन नसतं तरी तोही आत. रुळांवर चालणारं बाहेर, आणि चारपेक्षा कमी चाकं असून इंजिन 25 सीसीपर्यंतच असेल तर तेही बाहेर. लुना 50 सीसीची, म्हणून पेडल असूनही तिला नंबरप्लेट लागायची.

बॅटरीवाल्या गाड्यांचं गणित वेगळं, मोटर 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किमीच्या आत आणि वजनाबिजनाच्या अटी पाळल्या की ती मोटार वाहन नाही. दुकानदार 'लायसन लागत नाय' म्हणतो ते ह्याच्यावरच, फक्त नंतर स्पीड वाढवून घेतला की ही सूट गेली हे तो सांगत नाही.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात वाहनाच्या व्याख्येत हातगाडी आहे, सायकल आहे, अगदी जहाज आणि विमानसुद्धा आहे! आणि बेदरकारपणे चालवण्याचं कलम, पूर्वीचं भादंवि 279, आता भारतीय न्याय संहिता 281, तिथे 'कोणतंही वाहन' असं आहे, मोटार असायलाच पाहिजे असं काही नाही.

दुसरा उपप्रश्न 'असुरक्षित रस्ता वापरकर्ते' म्हणजे कोण. (काय पण शब्द!) 2017 च्या ड्रायव्हिंग नियमावलीत चालकाने ज्यांची जास्त काळजी घ्यायची त्यात पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं आणि दिव्यांग अशी नावं आहेत, पण 'यांसारखे' म्हटलंय म्हणजे यादी बंद नाही. बाइकवाल्याचं नाव त्यात नाही, आणि 2022 मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी जवळपास 44 टक्के दुचाकीवरचेच होते, त्यामुळे ती यादी मला तरी अपुरीच वाटते.

राहिली तुमची पाटी. ती मोटार वाहन कायद्यातून आलेली नाही, सोसायटीने तिच्यात काय धरायचं ते सोसायटीच्या ठरावात बघा, आणि ठरावातही नुसतं 'वाहने' असेल तर पुढच्या मीटिंगला 'सायकलसह' किंवा 'सायकल सोडून' एवढं घालून घ्या. हवा सोडायचा अधिकार मात्र कुठल्याच व्याख्येत बसत नाही.