बेरीज कुठे, वजाबाकी कुठे

मध्यबिंदूचं सूत्र पाठ करण्याआधी आलेखाच्या कागदावर दोन बिंदू मांड. समजा अ (२, −१) आणि ब (८, ७). मध्यबिंदू म्हणजे दोन्ही निर्देशकांची सरासरी: (२+८)/२ आणि (−१+७)/२, म्हणून (५, ३). इथे बेरीजच करायची. बरेच जण अंतराच्या सूत्राच्या सवयीने वजाबाकी करतात आणि (३, ४) लिहून मोकळे होतात. (३, ४) चुकीचं नाही, पण तो बिंदू नव्हे. अ पासून मध्यापर्यंत किती सरकायचं ते त्यातून कळतं. हा फरक डोक्यात बसला की अर्धा धडा झालाच समज.

आता एकक सदिश. सदिश म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी, आणि एकक सदिशाची लांबी १ असते. अ कडून ब कडे जाणारा सदिश म्हणजे ब वजा अ, (६, ८). शेवटचा वजा पहिला, हा क्रम उलटला तर दिशाच उलटते. परिमाण, म्हणजे त्याची लांबी, √(३६+६४) = १०. प्रत्येक घटकाला १० ने भाग: (३/५, ४/५). पडताळा लगेच घे, ९/२५ + १६/२५ = १. परीक्षेत एवढा वेळ असतोच.

याचा उपयोग काय? अ पासून ब च्या दिशेने ४ एकक अंतरावरचा बिंदू हवा असेल, तर एकक सदिशाला ४ ने गुणून अ मध्ये मिळव: (२ + २.४, −१ + ३.२), म्हणजे (४.४, २.२). विभाजन सूत्रानेही (रेषाखंडाला दिलेल्या गुणोत्तरात विभागणारा बिंदू देणारं सूत्र) हेच येतं, पण मला ही रीत जास्त आवडते. त्रिमितीतही ती जशीच्या तशी चालते. फक्त शून्य सदिशाला एकक सदिश नसतो, कारण तिथे भागायला परिमाणच शून्य.