तो मेल पाठवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

टीम लीडला पाठवायच्या मेलचा मसुदा वाचला. इंग्रजी झकास आहे. पाठवू मात्र नकोस. दिवाळीआधी त्याने तुझ्या चुकीच्या मेलवर मॅनेजरला सीसीत घेतलं इथपासून ते परवा तुझी स्लाइड स्वतःच्या नावावर खपवली इथपर्यंत सगळं तारीखवार मांडलंयस. इतके महिने तू मनात हिशेबाची वही लिहितोयस आणि त्या बिचाऱ्याला तिचा पत्ताही नाही. ती एकदम अंगावर आली तर तो त्यातल्या दोन तारखा चुकीच्या कशा, हेच सिद्ध करत बसेल.

टिळक-आगरकरांचं आठव. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पाच वर्षांनी आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि एकमेकांना तोंडावर म्हणायचं ते सगळ्या पुण्यासमोर छापून येऊ लागलं. १८९० मध्ये टिळक दोघांनी मिळून उभ्या केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटी या शिक्षणसंस्थेतून बाहेर पडले तेही कारणांचा भलामोठा खुलासा लिहून. आगरकर १८९५ मध्ये गेले, चाळिशीही न गाठता.

आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, हा वाद समोरासमोर बसून मिटला असता असं मी म्हणणार नाही. तो खरा मतभेद होता. पण सोसायटीच्या सभासदांनी बाहेरची कमाई करावी की नाही, कुणी संस्थेला किती वेळ द्यावा, असलेही प्रश्न त्यात मिसळले. मग कुठला राग विचाराचा आणि कुठला माणसाचा, हे वेगळं काढणं अवघड होऊन बसतं.

तुझ्या यादीत नेमकं तेच झालंय. टेस्टिंगला आठवडा द्यावा की डेडलाइन गाठावी, यावर तुमचं जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही. ते यादीतून काढ. दिवाळीचं सीसी प्रकरण शिळं झालं, तेही काढ. उरते ती स्लाइड. तेवढीच घेऊन जा.

त्याला कँटीनमध्ये गाठू नकोस, तिथे भिंतींना कान असतात. बाहेरच्या टपरीवर चहाला ने. 'तू नेहमीच असं करतोस' अशी सुरुवात केलीस तर तिथेच संपलं. काय घडलं ते सांग: 'परवाच्या प्रेझेंटेशनमधली तिसरी स्लाइड मी केली होती, क्लायंटसमोर माझं नाव आलं नाही, मला लागलं ते.' त्याने हे का केलं असेल याचा तुझा अंदाज सांगू नकोस, तो त्यालाच विचार. आणि विचारल्यावर गप्प बस. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. समोरचा क्षणभर थांबला की तूच त्याचं उत्तर देऊन टाकतोस.

त्याच्याकडेही तुझ्याबद्दल एक वही असणार. तुझी उशिरा येणारी अपडेट्स, मीटिंगमध्ये तू टाकलेले ते टोमणे (हो, तूच मला हसत सांगितले होतेस). तो बोलायला लागला तर लगेच खुलासे देऊ नकोस. पटेल तेवढं तिथेच कबूल कर, बाकीचं घरी आल्यावर बघू.

हे सगळं तो माणूस नुसता वागायला वाकडा आहे असं धरून लिहितोय. शिवीगाळ, धमक्या, छळ असं काही असेल तर चहाबिहा काही नाही, सरळ लेखी तक्रार कर, आणि त्याआधी मला फोन कर.

एचआरने शुक्रवारी 'क्लिअर द एअर' सेशन ठेवलंय म्हणालास. जा, समोसे खा, पण स्लाइडचा विषय तिथे काढू नकोस. आठ माणसांपुढे कुणी 'माझं चुकलं' म्हणत नाही. त्याला त्याआधीच गाठ. मंगळवारी तुमचं रिलीज असतं, त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं; बुधवार बरा.

तुझा,
काका