अनुक्रमणिका सुधारायची तर आधी शीर्षकं बघा

वर्डमध्ये केलेली अनुक्रमणिका बिघडली, हातानं दुरुस्त करूनही पुन्हा तशीच होते? घाबरू नका, हे पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं आणि अर्ध्या तासात सुटतं. वर्डमधली अनुक्रमणिका आतल्या शीर्षकांवरून आपोआप बनते. तिच्यात हातानं केलेली दुरुस्ती अख्खी अनुक्रमणिका अपडेट केली की पुसली जाते. नवखे बहुतेक इथेच अडकतात.

सध्या एवढंच करा:

- प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ आणि उपशीर्षकांना ‘हेडिंग २’ ही स्टाइल (वर्डमधलं तयार स्वरूप) द्या. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं, तर वर्डच्या लेखी तो साधा मजकूरच राहतो.
- अनुक्रमणिकेत अख्खा परिच्छेद घुसलाय? मूळ पानावर जाऊन बघा, त्याला चुकून हेडिंगची स्टाइल लागलेली असणार. ती ‘नॉर्मल’ करा.
- फॉन्ट किंवा ओळींमधलं अंतर बदलायचं असेल तर ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ या अनुक्रमणिकेच्या ओळींच्या स्टाइल बदला (टीओसी म्हणजे टेबल ऑफ कंटेंट्स, अनुक्रमणिका).

आणि कृपा करून टिंबं टाइप करू नका! ‘प्रस्तावना..........५’ अशी ओळ कितीही जुळवून बसवली, तरी फॉन्ट बदलला की उजवीकडचे आकडे वेडेवाकडे होतात. तयार अनुक्रमणिकेत उजवा टॅब (आकडे उजव्या कडेला एका रेषेत ठेवणारी खूण) टिंबांसकट आधीच लावलेला असतो, त्यालाच ते काम करू द्या.

बदल झाले की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ दाबा आणि संपूर्ण अनुक्रमणिका अपडेट करायचा पर्याय निवडा. फक्त पानांचे आकडे अपडेट केले तर शीर्षकं जुनीच राहतात. फील्ड कोडच्या, म्हणजे अनुक्रमणिकेमागे दडलेल्या सूचनांच्या, वाटेला इतक्यात जाऊ नका.